भिंतीवरचे

मॅच संपली की सेक्रेटरी कडोलकर एकच विचारतात,
"किती, भरमाण्णा?"
गोल त्यांना रेफ्री सांगतो.
माणसं मी सांगायची.

चौतीस वर्षं झाली, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या मैदानावर
पत्र्याच्या दारात स्टूल टाकून बसतोय.
उजव्या खिशात चिंचोके, डावा रिकामा.
दहा माणसं आत गेली की एक चिंचोका
उजवीकडून डावीकडे.
तिकीट दोन रुपये होतं तेव्हा हाच हिशेब,
आता वीस आहे, चिंचोके तेच.
काही इतके गुळगुळीत झालेत
की बोटं त्यांना नावानं ओळखतात.

एवढ्या बेळगावात अकरा क्लब.
शहापूर, वडगाव, कॅम्प, खासबाग,
अनगोळचे दोन, कारण भावाभावांचं पटलं नाही,
थोरल्यानं जर्सी नेल्या, धाकट्यानं गोलकीपर.
रविवारी तीन मैदानांवर तीन मॅच,
आणि चहाच्या गाड्यावर प्रत्येकाची गर्दी मोठी.
"आमच्याकडं हजार हुते गा!"
"हजार? तुमची कुत्री धरून काय?"
मी बोलत नाही.
खिशात हात घालून बसतो.

सगळ्यात मोठी गर्दी फायनलची नव्हती.
साधा गुरुवार होता, दिवाळीआधीचा.
लाईट गेली आणि खासबाग-वडगावचे माग
एका दमात गप्प झाले.
माणसं कानात खडखडाट घेऊनच आली,
मिशांना सूत चिकटलेलं,
शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलत.
माझा उजवा खिसा संपला.
पुढची माणसं मी खड्यांवर मोजली,
खडे संपल्यावर
सुळगेकराच्या गाड्यावरच्या शेंगांवर.

मॅच संपायला दहा मिनिटं असतील.
पेनल्टी मिळालेली, बॉल ठेवलेला,
आणि पलीकडच्या कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं,
"करंट बंतु!"
"लाईट आली, लाईट आली!"
पाऊण मैदान उठलं. मजुरी मीटरवर होती.
पास्कू फर्नांडिस बॉलमागं उभा,
पण बॉलकडं नाही, दाराकडं बघत होता.
त्यानं मारलेली किक कुठं गेली
ते आता कुणालाच नक्की सांगता येत नाही.

जाणारे मोजायची आमच्यात पद्धत नाही.
रजिस्टरात ते सगळे
अजून आत बसलेत.

आता लाईट फारशी जात नाही.
माग भंगारात गेले, किलोवर.
परवाच्या रविवारी वडगाव विरुद्ध कॅम्प,
डाव्या खिशात चार चिंचोके, वर तीन माणसं,
त्यात एक वडगावच्या गोलकीपरची आई,
जी मॅच बघत नाही, स्वेटर विणते.

भिंतीवरचे धरायचे नाहीत, हा कमिटीचा नियम.
तिकीट नाही म्हणजे माणूस नाही.
तिथं उद्यमबागेतला मैनुद्दीन, हाताला अजून ग्रीस,
तिथं सुळेभावीचा ईराप्पा, शिट्टी वाजवणारा,
कुणाची पोरं, कुणाचे जावई,
एक पाय आत, एक पाय भायेर.
शिव्या ज्याच्या त्याच्या घरच्या.
मिरज पॅसेंजर आली की सगळे मागं वळतात,
आणि गोल नेमका तेव्हाच होतो.

"किती?"
"त्रेचाळीस."
कडोलकरांनी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं,
म्हणाले, पुढच्या वर्षी दारात मशीन बसवूया,
फिरतं, आपोआप मोजणारं.
बसवा की, म्हटलं.

कुलूप लावायच्या आधी भिंतीकडेनं एक चक्कर मारली.
दुपारी भुरभुर होऊन गेलेली.
आतल्या चुन्यावर लाल चिखलाच्या टाचा,
ओल्या, एका माणसाची एक.
खिसा पुन्हा उजवा भरून घेतला आणि
टोकापासून टोकापर्यंत मोजल्या.
एकशे सहा.

घरी जाईपर्यंत डावा खिसा मांडीवर आपटत होता.
दुसऱ्या टाचा बघायला गेलो नाही.
भिंतीपलीकडं रेल्वेची हद्द.